कथील, आमचे

उद्यमबागेत, तिसऱ्या गल्लीत आमचं शेड.
पाटी दोन लिप्यांत,
आणि फौंड्री हा शब्द दोन्हीकडे वेगवेगळा चुकलेला.
पंपाचे इम्पेलर, बुश, कधीमधी एखादी घंटा.
हिशेब मी बघतो.
(बाई आहे मी. खरं आमच्यात पोरीसुद्धा ‘बघतो’च म्हणतात,
पुण्याची वहिनी अजून हसते.)

जांबोटीकडून मष्णू गावडे आले,
हंड्याचं वेगळं तिकीट काढून.
शेजारच्या सीटवर तो, झाकणासकट,
खिडकीकडची बाजू त्याला दिलेली.

म्हणाले, देवळाला घंटा पायजे.
निव्वळ तांब्याची. कथील-बिथील घालू नका.
भेसळ नको.

बसलिंग कंबारनं वाद घातला नाही.
फक्त झाकण मागून घेतलं,
मुशीत टाकलं, ब्लोअर लावला.
ज्वाळेच्या कडेला हिरवट झाक आली.
संध्याकाळी वाळू फोडली तर आत
वाटीएवढी घंटा, लालभडक,
नवं कुंकू असावं तशी.
दोरीला टांगली. पान्यानं मारली.

थप्.

ओल्या पोत्यावर काठी बसावी तसं.
आणि जिथं पाना लागला तिथं खड्डा.

“परत मारा,” मष्णू म्हणाले.
थप्.

मग बसलिंग बोलला, त्याच्या मराठीत,
ज्यात क्रियापदं धारवाडहून येतात आणि उशिरा पोचतात:
तांब्याचे कण सगळे एका मापाचे, काका.
शाळेच्या रांगेत उभे. एकाला ढकललं की
आख्खी रांग सरकते,
आणि सरकण्यातच मार जिरतो.
कथलाचा कण अंगानं जाडा. मधी घुसून बसतो.
रांगेला सरकू देत नाही.
मग मार जाईल कुठं?
वाजतो.

“आणि जास्त पडलं तर?”
“काचेगत फुटतंय. म्हणून तराजू.”

मष्णूंनी हंडा पुढ्यात ओढला.
काठाखाली टिंबांनी कोरलेलं नाव होतं, कानडीत.
त्यांना वाचता येत नव्हतं,
खरं बोट बरोबर पहिल्या अक्षरावर जाऊन थांबलं.
“नीलव्वा,” मी वाचलं.
“होय. बैलहोंगलची.
लग्नाचं पहिलं वर्ष आम्हाला धड भांडता येईना.”
एवढंच. पुढं काही म्हणाले नाहीत.
चहा आला, थंड झाला.

“किती घालणार?”
पाच किलोला एक किलो चारशे.
“माझ्यासमोर मोजा.”

सकाळी हंडा तोडला, मुशीत गेला.
नाव आधी वितळलं की बूड, ते मी बघितलं नाही,
त्या वेळी मी बँकेत फोनवर होतो.
परत आलो तर म्हातारा काळा चष्मा लावून उभा,
हातात चिमटा, चिमट्यात कथलाची कांडी,
आणि बसलिंग शेजारून म्हणतोय,
स्वल्प. स्वल्प. आता दुसरी.
शेवटच्या तुकड्याला: साकु.
कोळशाच्या कांडीनं ढवळलं, मळी काढली, ओतलं.

घंटा गुरुवारी निघाली. फिकट, पिवळट.
रंग आवडला नाही, मष्णूंनी तोंडावर सांगितलं.
मग मारली, एकदाच.
पलीकडच्या शेडमधला लेथ थांबला,
कोणीतरी दारात येऊन बघितलं.
त्यांनी लगेच तळवा टेकवून आवाज बंद केला.
म्हणाले, देवाच्या आधी नको ऐकायला.
बसमध्ये वाजू नये म्हणून लोळ्याला
चादरीची चिंधी बांधली.

बिल मी केलं:
तांबे, गिऱ्हाइकाचे.
कथील, आमचे.
मजुरी.
त्यांनी तीनदा वाचलं, घडी घालून टोपीत ठेवलं.

लहान घंटा नेली नाही.
ती माझ्या टेबलावर आहे, उलटी,
टाचण्या आणि रबरं मावतात तिच्यात.
पान्याचा खड्डा अजून आहे.
फोनवर कोण फार वेळ बोलत राहिलं
की माझा अंगठा आपोआप
तिथं जाऊन बसतो.